उजवी मार्गिका : घ्यावी आणि परत करावी

व्यापाऱ्याचे भांडवल वखारीत असते, परंतु त्याचा जीव रस्त्यावर असतो. माल वेळेवर आला तर गिऱ्हाईक टिकते, आणि माल आणणारा माणूस सुखरूप घरी पोहोचला तरच त्या व्यवहारास बरकत म्हणावी. गोव्याच्या उत्तर भागातील धान्याच्या व्यापारास दोन मोठी द्वारे आहेत. कोल्हापूर, सांगलीकडील माल आंबोली घाट उतरून सावंतवाडी, बांदा मार्गे पत्रादेवीस येतो व पेडणे तालुक्यात प्रवेश करतो. बेळगावकडील माल कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी असा डिचोलीस उतरतो. या दोन्ही वाटांशी आमचा संबंध आयुष्यभराचा. अलीकडे या वाटांवर खड्डा, पाऊस आणि चढण यांच्याहून अधिक भय वाटावे अशी एक गोष्ट वाढीस लागली आहे. ती म्हणजे वाहन चालविणाऱ्यांचा परस्परांवरील संताप. या संतापाचे कारण पाहू गेल्यास दहापैकी अनेक वेळा ते एकच सापडते : उजव्या मार्गिकेत एखादी गाडी धिमेपणाने चाललेली असते आणि मागील गाडीस वाट मिळत नाही. हे का घडते, त्याचा खरा हिशेब काय आणि व्यापारी या नात्याने आपला त्यात वाटा किती, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

रस्ता बदलला, सवय राहिली

पनवेलपासून कोकण किनाऱ्याने कन्याकुमारीपर्यंत जाणारा हा महामार्ग पूर्वी १७ क्रमांकाचा म्हणून ओळखला जाई; आता त्याचा क्रमांक ६६ आहे. आमच्या पिढीने तो एकेरी डांबरी पट्ट्याचा पाहिला. समोरून गाडी आली की दोघांनीही कडेच्या तांबड्या मातीत एकेक चाक उतरवावयाचे, आणि समोरून कोणी नसेल तर मधोमध चालावयाचे, हीच त्या काळची रीत. मधला भाग सपाट असे, कडा फुटलेल्या असत, तेव्हा ती रीत समंजसपणाचीच होती.

पुढे रस्ता चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला, आणि एका दिशेस दोन मार्गिका मिळाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले व जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. तेव्हापासून पेडण्याच्या या रस्त्यावर चार प्रकारची घाई एकत्र आली आहे. विमान चुकेल या धास्तीने निघालेला प्रवासी, भाड्याची मोटार घेऊन प्रथमच या बाजूस आलेला पर्यटक, पोती लादलेला ट्रक, आणि एका शेतातून दुसऱ्या शेतात जाणारा धारगळचा किंवा मालप्याचा शेतकरी. रस्ता सर्वांचा एक, वेग मात्र प्रत्येकाचा निराळा. अशा वेळी मधोमध चालण्याची जुनी सवय उजव्या मार्गिकेत घर करून बसण्याच्या सवयीत बदलली. दोष माणसाच्या स्वभावापेक्षा सवयीचा अधिक आहे, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

उजवी मार्गिका कोणाची ?

आपल्या देशात वाहन रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवावे व पुढे जावयाचे ते उजवीकडून, हा मूळ नियम. १९२८ साली पोर्तुगाल देशाने आपल्याकडील वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, तरी त्या वेळी त्यांच्या अमलाखाली असलेल्या गोव्यात वाहने डावीकडूनच चालत राहिली, कारण सभोवतालचा सारा मुलूख डावीकडून चालणारा होता. यावरून एक गोष्ट उघड होते. डावे-उजवे यांत पवित्र-अपवित्र असे काही नाही. तो शेजाऱ्यांनी आपसांत केलेला करार आहे. करार सर्वांनी पाळला तरच त्याचा उपयोग. एकाने मोडला की बाकीच्यांचे पाळणेही व्यर्थ जाते.

या करारातच आणखी एक कलम आहे, त्याची आठवण फार थोड्यांस असते. मागील वाहन आपणास ओलांडून जात असता आपण वेग वाढवू नये, आणि त्यास अडथळा होईल असे काहीही करू नये. म्हणजे वाट देणे हा उपकार नव्हे, तो नियमच होय. त्याचप्रमाणे अरुंद घाटरस्त्यावर समोरासमोर दोन वाहने आली तर चढणाऱ्यास प्रथम जाऊ द्यावे, हाही नियम आहे. चोर्ल्याच्या वळणांवर त्याचे महत्त्व ज्यांनी पाहिले त्यांस ते सांगावयास नको. भरलेला ट्रक चढणीवर एकदा थांबला की पुन्हा हलविणे किती कष्टाचे, हे जाणूनच तो नियम केलेला आहे.

व्यापाऱ्यांच्या भाषेत बोलावयाचे तर उजवी मार्गिका ही हातउसनी घेतलेली रक्कम आहे. गरज पडली, घेतली, काम झाले, तत्काळ परत केली. जो हातउसने पैसे घेऊन वर्षभर वापरतो त्यास बाजारात कोणी सज्जन म्हणत नाही. तसेच पुढची गाडी ओलांडल्यावरही जो उजवीकडेच रेंगाळतो तो दुसऱ्याचे भांडवल अडकवून बसलेला असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. तेथे एका दिशेस तीन मार्गिका आहेत, आणि सर्वांत उजवीकडील मार्गिका केवळ पुढे जाण्यासाठी, हीच शिस्त अपेक्षित आहे. आपल्याकडे मार्गिका दोनच, म्हणून शिस्त दुप्पट हवी.

धिमी गाडी उजवीकडे का असते ?

मागे अडकलेल्या माणसास वाटते की पुढचा मुद्दाम करतो. अनुभव तसे सांगत नाही. कारणे पुष्कळ आहेत. डाव्या मार्गिकेत ठिकठिकाणी गाड्या उभ्या केलेल्या असतात, बस थांबते, शहाळी व फळे विकणारे कडेस बसतात. सेवारस्ता नसेल तेथे स्कूटर आणि ट्रॅक्टर मुख्य रस्त्याने जातात, आणि पुढचा लांबचा वळसा टाळण्यासाठी कोणी उलट दिशेनेही येतो. पावसाळ्यात डाव्या कडेस पाणी साचते, आणि कोरडी जागा म्हणून मोकाट गुरे रात्री डांबरावर येऊन बसतात. काळे गुरू काळ्या रस्त्यावर दिसत नाही, म्हणून भिणारा चालक उजवीकडे सरकतो. कोणास पुढील दुभाजकाच्या खिंडीतून उजवीकडे वळावयाचे असते व तो एक किलोमीटर आधीच जागा धरून ठेवतो. कोणी नवशिका असतो. आणि कोणी मोबाइलवर बोलत असतो. त्याच्या बाबतीत मात्र बचाव करण्यासारखे काही नाही.

याखेरीज एक कारण असे आहे की ते मागच्यास दिसतच नाही. उंच ट्रकच्या मागे लहान मोटार असली म्हणजे ट्रकच्या पुढे काय आहे हे मोटारीतील मनुष्यास कळण्याचा मार्ग नसतो. काही वर्षांपूर्वी तांदूळ व डाळीची पोती घेऊन आमच्याकडे येणारा एक ट्रक धारगळच्या अलीकडे एका ट्रॅक्टरास ओलांडीत होता. मागील मोटारवाल्यास ट्रॅक्टर दिसला नाही. त्यास दिसला तो केवळ वाट न देणारा ट्रक. हॉर्न वाजवून कंटाळल्यावर त्याने संधी मिळताच गाडी पुढे घातली आणि धडा शिकवावा म्हणून ट्रकसमोर एकाएकी ब्रेक लावला. आमच्या चालकाने टक्कर वाचविली, परंतु जोराच्या धक्क्याने दोर तुटून काही पोती रस्त्यावर आली, व मागून येणारा एक स्कूटरस्वार त्यांवर आदळून त्याचा हात मोडला. मोटारवाला थांबला नाही. ज्या दोघांचे भांडण होते ते दोघेही सुखरूप राहिले, आणि ज्याचा त्यात काही संबंध नव्हता तो तीन महिने कामावाचून घरी बसला. रस्त्यावरील संतापाचा निवाडा बहुधा असाच होतो.

एका मिनिटाचा हिशेब

आता थोडे गणित करू. व्यापाऱ्यास भावनेपेक्षा आकडा लवकर पटतो.

समजा, उजव्या मार्गिकेतील गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली आहे आणि आपणास ताशी ६० ने जावयाचे आहे. असे दोन किलोमीटर आपण तिच्या मागे अडकलो. ६० च्या वेगाने हे अंतर दोन मिनिटांत जाते, ४० च्या वेगाने तीन मिनिटांत. तोटा किती ? एक मिनिट. ज्या एका मिनिटासाठी माणूस शिव्या देतो, डावीकडून घुसतो, खाली उतरून मारामारी करतो, ते मिनिट दुकानात आपण सुतळीचा गुंडा शोधण्यात घालवितो. वीस किलोमीटरचा सबंध पल्ला ५० ऐवजी ६० च्या वेगाने कापला तरी वाचतात ती चारच मिनिटे.

आता ट्रकवाल्याचा हिशेब पाहू. एक ट्रक ताशी ६० ने चालला आहे, दुसरा ६५ ने त्यास ओलांडू पाहतो. दोघांची लांबी प्रत्येकी दहा मीटर आणि मागेपुढे पंचवीस-पंचवीस मीटर अंतर धरले तर सत्तर मीटरची आघाडी मिळवावी लागते. ताशी पाच किलोमीटरच्या फरकाने त्यास सुमारे पन्नास सेकंद लागतात, आणि तेवढ्यात तो उजव्या मार्गिकेत सुमारे नऊशे मीटर चाललेला असतो. तोच फरक वीस किलोमीटरचा असेल तर बारा-तेरा सेकंदांत काम होते. मालवाहू वाहनास चौपदरी महामार्गावर केंद्राने ठरविलेली कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, आणि वेगनियंत्रक यंत्रामुळे ट्रकला त्यापुढे जाता येत नाही. म्हणून ट्रकचालकाने हा हिशेब आधी करावा : फरक थोडा असेल तर ओलांडूच नये, मागेच राहावे. आणि मोटारवाल्यानेही जाणावे की ट्रकचे पन्नास सेकंद हा मुजोरपणा नव्हे, ते यंत्राचे बंधन आहे.

तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा. ताशी ६० च्या वेगाने चाललेली मोटार, चालकास धोका दिसल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत, कोरड्या रस्त्यावर सुमारे ४५ मीटर पुढे जाते. ८० च्या वेगास हेच अंतर सत्तर मीटरांच्या घरात जाते. ओल्या रस्त्यावर आणि भरलेल्या ट्रकला त्याहून अधिक. वाट मिळावी म्हणून जो पुढील गाडीच्या दहा मीटर मागे चिकटून दिवे उघडझाप करतो, त्याने ब्रेक असून नसल्यासारखा करून ठेवलेला असतो.

हे आकडे कागदावरचे वाटत असतील त्यांनी देशाचा आकडा पाहावा. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातील एकूण रस्त्यांच्या सुमारे दोन टक्के. परंतु या मृत्यूंपैकी एकतृतीयांशाहून अधिक मृत्यू त्याच महामार्गांवर झाले.

संतापाचे मोल

पतियाळा शहरातील एक प्रकरण सर्वांस ठाऊक असावे. २७ डिसेंबर १९८८ रोजी रस्त्यावर गाडीवरून बाचाबाची झाली. एका बाजूस पुढे क्रिकेट व राजकारण या दोन्हींत नाव मिळविलेले नवज्योतसिंग सिद्धू, दुसऱ्या बाजूस पासष्ट वर्षांचे एक गृहस्थ. हातघाई झाली आणि त्या गृहस्थांचा मृत्यू झाला. खटला खालच्या न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१८ मध्ये केवळ दंड झाला होता. पण फेरविचारात मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक वर्षाची सक्तमजुरी दिली. घटना काही क्षणांची, तिचा शेवट चौतीस वर्षांनी. एका कुटुंबाचा कर्ता गेला, आणि दुसऱ्याच्या यशावर आयुष्यभराची छाया पडली.

कायदाही आता पूर्वीपेक्षा कडक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. धोकादायक रीतीने वाहन हाकल्यास पहिल्याच गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. नियमाविरुद्ध ओलांडणे, उलट दिशेने चालविणे, हातात मोबाइल धरणे ही सर्व त्यातच मोडतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बेदरकारपणे मृत्यूस कारण होणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. जर्मनीत तर दोन्ही बाजूंस जरब आहे. तेथे वाहने उजवीकडून चालतात, म्हणून पुढे जाण्याची मार्गिका डावी. ती विनाकारण अडविणाऱ्यास दंड होतो, आणि मागून चिकटून दिव्यांनी दटावणाऱ्यावरही जबरदस्तीचा गुन्हा लागू शकतो. अडविणारा आणि दटाविणारा हे दोघेही अपराधी, हा विचार आपणही घ्यावा असा आहे.

डिचोलीचा धडा, आणि आपला वाटा

डिचोली तालुक्याने घाईचे एक निराळे रूप पाहिले आहे. खनिजाची वाहतूक भरात होती तेव्हा खाणीपासून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत ट्रकांची रांग लागे. कमाई फेऱ्यांवर, जितक्या फेऱ्या अधिक तितके पैसे अधिक. मग पुढच्या ट्रकने वाट द्यावी कशी, आणि मागच्याने थांबावे कसे ? २०१२ साली खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि २०२४ मध्ये डिचोलीत उत्खननास परत आरंभ झाला. त्या रांगांत चालविणारी मुले मुळात उतावीळ नव्हती. मोबदल्याच्या रीतीने त्यांस उतावीळ केले. शाळकरी पोरास घेऊन चाललेली माता त्या वेळी रस्त्याच्या कडेस कशी भिंतीला चिकटून उभी राहत असे, हे डिचोली-साखळीच्या रहिवाशांस विसरता येणार नाही.

आता आपल्या पेढ्यांकडे पाहू. बिल्टीवर वेळ लिहावयाची आणि उशीर झाला तर भाडे कापावयाचे. ट्रक घाटात असता दर अर्ध्या तासाने चालकास फोन करून ‘कोठे आहेस’ म्हणून विचारावयाचे. रात्रभर जागून आलेल्या माणसास हमाल मोकळे नाहीत म्हणून चार तास उन्हात ताटकळत ठेवावयाचे, आणि रिकामी गाडी मात्र संध्याकाळपर्यंत परत पोहोचावी अशी अपेक्षा करावयाची. जे चार तास आपण वखारीच्या दारात घालविले, तेच चार तास तो चालक महामार्गावर वसूल करावयास जातो. रस्त्यावरील पुष्कळसा संताप आपल्या गादीवरून निघतो, असे म्हणावे लागेल.

आमच्या पेढीचा माल तीस वर्षे आणणारे एक वृद्ध चालक आहेत. त्यांच्या हातून मोठा अपघात झाला नाही. त्यांस एकदा आम्ही त्याचे रहस्य विचारले. ते म्हणाले, “शेट, मागच्याला वाट दिली म्हणून माझ्या गाडीतले एक पोतेही कमी होत नाही.” यापेक्षा अधिक शहाणपण आम्हांस कोठे ऐकावयास मिळाले नाही.

काय करावे ?

आपली गाडी धिमी असेल तर डावीकडे राहावे, आणि आरशात पाहण्याची सवय ठेवावी. मागे गाड्यांची रांग दिसली तर आपण उजवीकडे कशासाठी आहोत हे स्वतःस विचारावे. उजवीकडे वळावयाचे असेल तर पुरेसा आधी इशारा द्यावा, परंतु एक किलोमीटर आधी जागा अडवू नये. ओलांडून झाले की मागील गाडी आरशात पूर्ण दिसताच इशारा देऊन डावीकडे यावे.

आपण मागे अडकलो असू तर निदान दोन सेकंदांचे अंतर ठेवावे. पुढील गाडीने एखादी खूण ओलांडली की मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणावे; त्याआधी आपण त्या खुणेशी पोहोचलो तर फार जवळ आहोत. पावसात हे अंतर दुप्पट करावे. एकदा हॉर्न, एकदा दिवा; त्याने काम न झाले तर वाट पाहावी. डावीकडून घुसू नये, कारण स्कूटर, पादचारी आणि गुरे तेथेच असतात. पुढे गेल्यावर मागे वळून पाहू नये, खूण करू नये, आणि ब्रेक लावून धडा देण्याचा विचारही करू नये. दुसरा मनुष्य भांडावयास उतरला तर आपण उतरू नये. काचा वर कराव्यात, वस्तीच्या ठिकाणी किंवा पोलीस चौकीपाशी जाऊन थांबावे आणि ११२ या क्रमांकावर कळवावे. कोणी जखमी झाला तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. मदत करणाऱ्यास त्रास होऊ नये अशी तरतूद कायद्यात २०१९ पासून आहे, म्हणून भिऊ नये.

पेढीच्या मालकाने ट्रक निघताना वेळ विचारावी, वाटेत विचारू नये. उतरण्याची व्यवस्था आधी करावी. क्षमतेपेक्षा अधिक पोती लादू नयेत, कारण अधिक भार म्हणजे चढणीवर धिमी गाडी आणि उतारावर न थांबणारी गाडी. उशिराबद्दल भाडे कापण्यापूर्वी कारण ऐकावे. आणि घरातील तरुणांच्या हाती नवी मोटार देताना किल्लीबरोबर एवढेही सांगावे की घरी उशिरा आलेल्यास कोणी रागावणार नाही.

क्रोधाच्या रेषा

आपल्या शास्त्रकारांनी चार कषायांत क्रोधास प्रथम स्थान दिले, आणि त्याच्या तीव्रतेचे चार दृष्टान्त सांगितले. पाण्यावरील रेषा, वाळूवरील रेषा, जमिनीची भेग आणि पाषाणाची भेग. पहिली उमटताच मिटते, दुसरी वाऱ्याने मिटते, तिसरी पाऊस येईपर्यंत राहते, चौथी मिटतच नाही. रस्त्यावर राग येणारच नाही असे म्हणणे ढोंगाचे होईल. परंतु तो पाण्यावरील रेषेसारखा असावा, एवढे आपल्या हाती आहे. पतियाळ्याच्या त्या बाचाबाचीत पाषाणाची भेग पडली आणि ती चौतीस वर्षे राहिली.

मुनिजनांस ईर्यासमितीत पुढची चार हात भूमी पाहून पाऊल टाकण्यास सांगितले आहे, ते सूक्ष्म जीवास इजा होऊ नये म्हणून. आपण गृहस्थ, आपल्या चाकांखाली सूक्ष्म जीवच नव्हे, हाडामांसाची माणसे येऊ शकतात. चार हात पायी चालणाऱ्याचे माप झाले. ताशी साठच्या वेगास ते पंचेचाळीस मीटर होते. तेवढी मोकळी भूमी आपल्यापुढे नेहमी राहू द्यावी, उजवी मार्गिका घेतली तशी परत करावी, आणि मागून येणाऱ्यास वाट द्यावी. यात खर्च एका मिनिटाचा आहे. एवढ्या स्वस्त दरात एवढा मोठा लाभ देणारा दुसरा सौदा आमच्या व्यापारी आयुष्यात आम्ही पाहिलेला नाही.